बोर्डावरचं कार्ड थेट ब्लॉगच्या ड्राफ्टमध्ये: मिरो ते वर्डप्रेस, कोडिंग न येणाऱ्यांसाठी

आमचा छोटासा ऑनलाइन दिवाळी अंक आम्ही सहा जण मिळून काढतो, तिघं पुण्यात, दोघी नाशकात आणि एक दादा न्यू जर्सीत, त्यामुळे प्रत्यक्ष भेट वर्षातून एकदाच आणि बाकी सगळं काम बोर्डावर. बोर्ड म्हणजे मिरो, इंटरनेटवरचा सगळ्यांचा सामाईक फळा. कोणाला काही सुचलं की कार्ड टाकायचं, बाकीच्यांनी त्यावर भांडायचं, लेखक ठरला की नाव लिहायचं. हे मस्त चालतं. घोडं अडायचं ते पुढे, म्हणजे बोर्डावर पक्कं झालेलं कार्ड वर्डप्रेसमध्ये, म्हणजे आमची साइट ज्यावर चालते त्यात, न्यायचं कोणी? तर मीच, रात्री जेवण झाल्यावर, एक टॅब इकडे एक टॅब तिकडे, शीर्षक कॉपी, पेस्ट, टिपण कॉपी, पेस्ट, अडतीस कार्डं. त्यातच एका लेखाचं शीर्षक 'बाबांची न झालेली सहल' होतं ते माझ्या हातून 'बाबांची झालेली सहल' म्हणून गेलं आणि लेखिकेचा मेसेज आला की अगं, झाली असती तर लिहिलं कशाला असतं!

म्हणून ही हमाली मशीनला दिली. हमालीच बरं का, संपादन नाही. हे पहिल्यापासून डोक्यात ठेवा कारण मी ते ठेवलं नव्हतं, त्याची गोष्ट खाली येतेच.

खाली जे सांगतेय त्यात प्रोग्रॅमिंग नाही, पण चिकटपणा लागतो आणि एक पूर्ण दुपार लागते. लागणाऱ्या गोष्टी तीन: मिरोचं अकाउंट (फुकट प्लॅनमध्ये एडिट करता येणारे ३ बोर्ड मिळतात, आपल्याला एकच पुरे), स्वतःच्या होस्टिंगवर बसवलेलं वर्डप्रेस, आणि या दोघांमध्ये निरोप्याचं काम करणारं मेक नावाचं ॲप. मेक म्हणजे पूर्वीचं इंटिग्रोमॅट, २०२२ मध्ये नाव बदललं, त्यामुळे जुन्या व्हिडिओत इंटिग्रोमॅट दिसलं तर गोंधळू नका. झॅपिअर नावाच्या तसल्याच दुसऱ्या ॲपने पण होतं, पण त्याच्या फुकट प्लॅनमध्ये दोनच पायऱ्यांची साखळी करता येते आणि आपल्याला जास्त लागणार आहेत, म्हणून मेक.

आणि हो, खाली मी ज्या ज्या गोष्टी 'टाइप करा' म्हणतेय त्या सगळ्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या, मी इथे नुसता उच्चार लिहितेय.

आधी बोर्ड नीट लावा, मशीन नंतर

नवीन माणूस इथेच घाई करतो. मशीनला 'हा विषय पक्का झालाय' हे कळत नाही, आपणच कुठेतरी खूण करावी लागते आणि ती खूण सगळ्यांना मान्य असावी लागते. आमच्या बोर्डावर पाच फ्रेम, म्हणजे चौकटी, आहेत: 'सुचलंय', 'चर्चा', 'तयार', 'गेलं' आणि 'छापलं'. नियम एकच, 'तयार' फ्रेममध्ये कार्ड फक्त दोघंच ठेवू शकतात, मी आणि नाशिकची संपादक. मिरोमध्ये असं कुलूप नाहीये, हा तोंडी नियम आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्या भानगडीत हाच भाग सगळ्यात उपयोगाचा निघाला, उद्या मेक बंद पडलं तरी हा नियम राहील.

स्टिकी नोट वापरू नका, कार्ड वापरा. दिसायला स्टिकी छान असते पण तिच्यात मजकुराचा एकच डबा असतो, त्यामुळे शीर्षक कुठे संपलं आणि टिपण कुठे सुरू झालं हे मशीनला कळणार नाही. कार्डात शीर्षक वेगळं, डिस्क्रिप्शन वेगळं, तारीख वेगळी. आमचं एक कार्ड असं असतं: शीर्षक 'आजीच्या फराळाच्या डब्यातला हिशोब', खाली डिस्क्रिप्शनमध्ये चार ओळी, डबा कोणाकडे जायचा, परत येताना त्यात काय यायचं, रिकामा परत आला तर काय समजायचं, आणि शेवटी गुगल डॉक्सची लिंक जिथे लेखिका प्रत्यक्ष लिहितेय. दोन हजार शब्दांचा अख्खा लेख कार्डात कोंबू नका. कार्ड म्हणजे लेखाचं जन्मपत्र, लेख नव्हे.

कार्ड फ्रेममध्ये नेताना पूर्ण आत सोडा. काठावर अर्धं लटकलेलं कार्ड माणसाला आत दिसतं पण मिरोच्या हिशोबात ते बाहेरच असू शकतं, मग ते जातच नाही आणि आपण दोन तास मेकला शिव्या देत बसतो.

आता दोन आयडी लिहून ठेवा. बोर्ड उघडला की वरच्या पत्त्यात 'बोर्ड' शब्दानंतर जो अगम्य अक्षरांचा पुंजका येतो तो बोर्डचा आयडी, आणि त्याच्या शेवटी बरोबरचं चिन्ह असतं ते पण आयडीचाच भाग, ते गाळू नका. दुसरा फ्रेमचा आयडी: 'तयार' फ्रेमवर राइट क्लिक करून लिंक कॉपी करा, त्या लिंकच्या शेवटी एक लांबलचक आकडा असतो, तोच. 'गेलं' आणि 'छापलं' या फ्रेमचे आकडे पण घेऊन ठेवा.

मिरोची किल्ली

मिरोच्या प्रोफाइल सेटिंगमध्ये 'युअर ॲप्स' असा भाग आहे. तिथे नवीन ॲप करा, नाव काहीही द्या, आमच्या ॲपचं नाव पोस्टमन आहे. ॲप करण्यासाठी आधी डेव्हलपर टीम बनवायला सांगेल, घाबरू नका, फुकट आहे. परवानग्यांच्या यादीत बोर्ड वाचण्याची आणि बोर्डावर लिहिण्याची अशा दोनच खुणा करा, बाकी कशाला हात लावू नका. मग ॲप इन्स्टॉल करायचं बटण दाबलं की तो विचारतो कुठल्या टीममध्ये, इथे मी पहिल्यांदा डेव्हलपर टीमच निवडली होती आणि मग 'बोर्ड सापडत नाही' असं उत्तर येत राहिलं, कारण आमचा बोर्ड दुसऱ्या टीममध्ये! तर तुमचा बोर्ड ज्या टीममध्ये आहे तीच निवडा. शेवटी एक टोकन मिळेल, लांब अक्षरमाळ, तेच आपली किल्ली.

ॲप बनवतानाच एक चौकोन दिसतो, टोकनची मुदत संपावी का असं विचारणारा. त्यावर टिक केली तर टोकन ६० मिनिटांत संपतं आणि ते दर वेळी नवं करून घेण्याची वेगळी साखळी बांधावी लागते. नवशिक्यांनी टिक करू नये. पण मग टोकन कायम चालणारं आहे म्हणजे ते घराच्या किल्लीसारखं सांभाळायचं, आमच्यातल्या एकाने ते 'सगळ्यांना सापडावं म्हणून' बोर्डावरच स्टिकीवर चिकटवलं होतं, असं करू नका राव.

वर्डप्रेसची किल्ली, आणि इथेच सगळी शहाणपणाची मेख आहे

आधी ब्राउझरमध्ये तुमच्या साइटचा पत्ता, स्लॅश, डब्ल्यूपी-जेसन (wp-json) असं टाकून बघा. पडद्यावर कंसांनी भरलेला कचरा दिसला की खुश व्हा, दार उघडं आहे. हे दार वर्डप्रेसमध्ये आवृत्ती ४.७ पासून, म्हणजे २०१६ च्या डिसेंबरपासून घरातच बसवलेलं असतं, वेगळं प्लगिन लागत नाही. 'पान सापडलं नाही' आलं तर सेटिंग्जमध्ये पर्मालिंक्सला जाऊन 'प्लेन' सोडून दुसरा कुठलाही प्रकार निवडा, 'पोस्ट नेम' बरा.

मग युजर्समध्ये जाऊन नवीन युजर बनवा आणि त्याला कॉन्ट्रिब्युटर हाच रोल द्या. स्वतःचा ॲडमिनचा युजर वापरू नका, नका, नका. कॉन्ट्रिब्युटर ड्राफ्ट करू शकतो, पब्लिश करू शकत नाही. म्हणजे मशीनने उद्या काहीही वेडेपणा केला तरी वाचकांपर्यंत काही पोचत नाही.

आता ती गोष्ट. पहिल्या प्रयोगात मी ॲडमिनचाच पासवर्ड दिला होता, स्टेटस 'पब्लिश' ठेवलं होतं, आणि नेलेल्या कार्डावर खूण करायची असते हेच डोक्यात नव्हतं. दर पंधरा मिनिटांनी फेरी लावली, रात्री अकराला लॅपटॉप बंद करून झोपले. मशीन बिचारं दर पंधरा मिनिटांनी येत होतं, 'तयार' मध्ये तेच एक कार्ड बघत होतं आणि नवीनच आहे असं समजून छापत होतं. सकाळी सहाला मावशीचा फोन, "अगं, तुझी साइट हॅक झालीय का? एकाच लेखाचे मेल येतायत, मी मोजायचं सोडून दिलं." मोजल्यावर निघाले अठ्ठावीस. अठ्ठावीस वेळा एकच लेख, आणि ईमेल घेणाऱ्या प्रत्येकाला अठ्ठावीस मेल. त्यात मशीनची काही चूक नव्हती, सांगितलं तेच केलं त्याने.

तर कॉन्ट्रिब्युटर. युजर झाला की ॲडमिनमधून त्याचं प्रोफाइल एडिटला उघडा, खाली 'ॲप्लिकेशन पासवर्ड्स' असा भाग आहे (आवृत्ती ५.६ पासून, आणि साइटला एचटीटीपीएस नसेल तर तो दिसतच नाही). नाव द्या, बटण दाबा, २४ अक्षरांचा पासवर्ड चार-चारच्या गटात दिसेल. तो एकदाच दिसतो, लगेच कॉपी करा. मधल्या स्पेस ठेवल्या तरी चालतात, काढल्या तरी चालतात. हा पासवर्ड नेहमीच्या लॉगिनला चालत नाही, फक्त अशा निरोप्यांसाठी, आणि नको झाला की तिथूनच एका क्लिकमध्ये रद्द.

हा भाग गायबच असेल तर बहुतेक एखादं सिक्युरिटी प्लगिन त्याला दाबून बसलंय, त्याच्या सेटिंगमध्ये शोधा.

मेकमध्ये साखळी

मेकमध्ये अशा साखळीला सिनॅरिओ म्हणतात. नवीन सिनॅरिओ उघडा, मधल्या मोठ्या गोलावर क्लिक करा. मिरो आणि वर्डप्रेस दोघांचेही तयार तुकडे मेकमध्ये आहेत, पण मी साधं एचटीटीपी मॉड्यूल वापरते, कारण त्यात काय जातंय काय येतंय ते डोळ्यांना दिसतं आणि उद्या मेक सोडून दुसरीकडे गेलात तर हेच ज्ञान तसंच्या तसं चालतं.

*पहिला गोल: मिरोला विचारा.* एचटीटीपी, त्यात 'मेक अ रिक्वेस्ट'. पद्धत गेट. पत्ता: एपीआय डॉट मिरो डॉट कॉम, स्लॅश व्ही-टू (v2, मध्ये रेघ नाही), स्लॅश बोर्ड्स, स्लॅश तुमचा बोर्ड आयडी, स्लॅश आयटम्स. हेडरमध्ये 'ऑथोरायझेशन' (authorization) असं नाव आणि 'व्हॅल्यू' च्या डब्यात 'बेअरर' (bearer), एक स्पेस, मग टोकन. ती स्पेस विसरणारे दहात चार जण, मी त्यातली. खाली क्वेरीचे तीन डबे भरा: 'पॅरेंट अंडरस्कोर आयटम अंडरस्कोर आयडी' मध्ये 'तयार' फ्रेमचा आकडा, 'टाइप' मध्ये कार्ड, आणि 'लिमिट' मध्ये ५०. लिमिट लिहिलं नाही तर मिरो एका वेळी १० च वस्तू देतो आणि अकरावं कार्ड कुठे गेलं म्हणून आपण डोकं खाजवतो. ५० च्या वर मात्र एका फेरीत मिळत नाहीत, पण कार्डं पुढे सरकत राहतात त्यामुळे उरलेली पुढच्या फेरीत येतातच. शेवटी 'पार्स रिस्पॉन्स' ला हो म्हणा.

एकदा 'रन वन्स' दाबून बघा. गोलावर छोटा बुडबुडा येईल, त्यात क्लिक केलं की आतमध्ये 'डेटा' नावाच्या गाठोड्यात तुमची कार्डं, आणि फराळाचा डबा समोर दिसला की जो आनंद होतो ना, तो काही औरच.

*दुसरा गोल: गाठोडं सोडा.* 'इटरेटर' नावाचा तुकडा लावा आणि त्याला ते 'डेटा' द्या. म्हणजे पन्नास कार्डांचं गाठोडं एकेक करून पुढे जाईल. एवढंच.

*तिसरा गोल: वर्डप्रेसला द्या.* पुन्हा एचटीटीपी, पण या वेळी बेसिक ऑथ असलेला प्रकार, युजरनेम त्या कॉन्ट्रिब्युटरचं आणि पासवर्ड तो २४ अक्षरी. पद्धत पोस्ट. पत्ता: तुमची साइट, स्लॅश डब्ल्यूपी-जेसन, स्लॅश डब्ल्यूपी, स्लॅश व्ही-टू, स्लॅश पोस्ट्स.

आता मजकूर कशात गुंडाळून पाठवायचा हा प्रश्न येतो आणि इथे सगळे व्हिडिओ जेसन, म्हणजे कंस आणि अवतरण चिन्हांत मांडलेला निरोप, लिहायला सांगतात. मी सांगते नका लिहू. जेसनमध्ये अवतरण चिन्ह किंवा नवी ओळ कच्ची गेली की अख्खा निरोप फुटतो, आणि मराठी टिपणात कोणीतरी काहीतरी म्हणालेलं असतंच, अवतरण चिन्हं येणारच. त्याऐवजी बॉडीचा प्रकार फॉर्म फील्ड म्हणजे 'यूआरएल एन्कोडेड' निवडा, वर्डप्रेस ते पण आनंदाने घेतं आणि फुटायची भीती नाही. डबे असे भरा: 'टायटल' मध्ये कार्डाचं शीर्षक, 'कंटेंट' मध्ये डिस्क्रिप्शन, 'स्टेटस' मध्ये ड्राफ्ट, आणि 'स्लग' मध्ये 'लेख' हा शब्द रोमनमध्ये, एक आडवी रेघ आणि कार्डाचा आयडी. शीर्षकाला मेकच्या 'स्ट्रिप एचटीएमएल' फंक्शनमध्ये गुंडाळून द्या, बोर्डावरचा मजकूर बरेचदा टॅगसकट येतो आणि मग शीर्षकात भलतीच चिन्हं दिसतात.

स्लग कशाला, असं वाटेल. तर ऐका, हे मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. स्लग म्हणजे लेखाच्या लिंकमधला शेवटचा तुकडा. तुम्ही दिला नाही तर वर्डप्रेस शीर्षकातूनच बनवतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवताना त्याची नऊ चिन्हं होतात, टक्के-ई-शून्य-टक्के वगैरे जे व्हॉट्सॲपवर लिंक पाठवल्यावर दिसतं तेच. एकूण जागा २०० चिन्हांची. म्हणजे फार तर बावीस चिन्हं बसतात आणि त्यात काना, वेलांटी, पाय मोडणं सगळं वेगवेगळं धरतात. 'आजीच्या फराळाच्या डब्यातला हिशोब' मी बोटांवर मोजलंय: 'आजीच्या' सात, 'फराळाच्या' नऊ, मधल्या दोन रेघा, आणि मग 'डब्यात' च्या सहा चिन्हांवर बरोबर दोनशे भरतात. लिंक तिथेच तुटते, हिशोब डब्याबाहेर! वर ती शेपटी व्हॉट्सॲपवर पाठवली की समोरच्याला व्हायरस वाटतो. म्हणून रोमन स्लग. आणि त्यात कार्डाचा आयडी घातलाय त्याचा अजून एक उपयोग आहे, पुढे सांगते.

*मधली चाळणी.* तिसऱ्या आणि चौथ्या गोलाच्या मधल्या रेघेवर क्लिक केलं की फिल्टर लावता येतो. तिथे अट घाला: तिसऱ्या गोलाचा स्टेटस कोड २०१ असेल तरच पुढे जा. २०१ म्हणजे वर्डप्रेस म्हणतंय 'हो, नवीन नोंद झाली'. ही चाळणी नसेल तर साइट बंद असतानासुद्धा कार्ड 'गेलं' मध्ये जाऊन बसू शकतं, कार्ड म्हणतं गेले, ड्राफ्ट म्हणतो आलोच नाही, आणि लेख मधल्यामध्ये हरवतो. जत्रेत हरवलेल्या पोरासारखा.

*चौथा गोल: खूण करा.* हाच तो गोल जो माझ्या अठ्ठावीस मेलच्या रात्री नव्हता. एचटीटीपी, पद्धत पॅच, पत्ता पहिल्यासारखाच फक्त शेवटी आयटम्सच्या जागी कार्ड्स, स्लॅश, आणि इटरेटरमधून आलेला कार्डाचा आयडी. हेडर तेच बेअररवालं. इथे मात्र जेसनच लागतं, पण त्यात आपण आकडेच टाकणार आहोत म्हणून फुटायचा प्रश्न नाही: 'पॅरेंट' च्या आत 'आयडी' म्हणून 'गेलं' फ्रेमचा आकडा, आणि 'पोझिशन' च्या आत एक्स आणि वाय.

एक्स-वाय फ्रेमच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजतात, बोर्डाच्या मध्यापासून नाही, आणि कार्डाचा मध्य त्या ठिकाणी येतो. फ्रेमबाहेर जाईल असा आकडा दिला की मिरो सरळ नाही म्हणतो. म्हणून 'गेलं' फ्रेम ऐसपैस करा, दोन हजार बाय दोन हजार, आणि एक्स-वाय मध्ये २०० अधिक मेकचं 'रँडम' गुणिले १६०० असं लिहा. एकच ठरावीक आकडा दिलात तर सगळी कार्डं एकावर एक पडतात, पत्त्यांच्या कॅटसारखी, आणि वरचं एकच दिसतं. आमच्या एका मेंबरने 'बाकीची कार्डं कोणी उडवली' म्हणून ग्रुपवर अर्धा तास घातला होता.

किती वेळाने फिरवायचं

मेकच्या फुकट प्लॅनमध्ये महिन्याला १००० क्रेडिट मिळतात आणि कमीत कमी १५ मिनिटांचं अंतर ठेवता येतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण फेरी रिकामी गेली तरी निदान एक क्रेडिट जातंच, पंधरा मिनिटांनी म्हणजे दिवसाला ९६ फेऱ्या, महिन्याला २८८०, म्हणजे दहा-अकरा दिवसांत खेळ खल्लास आणि एकही कार्ड नेलेलं नाही. आम्ही दर तीन तासांनी ठेवलंय, महिन्याला २४० फेऱ्या होतात. दिवाळी अंकाला बातमीच्या चॅनेलसारखी घाई नसते हो.

उलटा प्रवास: लेख छापून आला हे बोर्डाला कळवणं

हे ऐच्छिक आहे, पण पहिलं नीट चाललं की करावंसं वाटतंच. फुकट प्लॅनमध्ये दोन सिनॅरिओ चालू ठेवता येतात, त्यातला हा दुसरा, दिवसातून एकदा. पहिल्या गोलात वर्डप्रेसच्या त्याच पोस्ट्सच्या पत्त्याला गेट करा, पासवर्डची गरज नाही कारण छापलेले लेख सगळ्यांनाच दिसतात. इटरेटर लावा. मग स्लगचे 'स्प्लिट' फंक्शनने आडव्या रेघेवर तुकडे करा आणि 'लास्ट' ने शेवटचा तुकडा घ्या, तो कार्डाचा आयडी! म्हणून तो स्लगमध्ये घातला होता. त्या कार्डाला पॅच करून 'छापलं' फ्रेममध्ये पाठवा, कार्डाचा रंग पण बदलता येतो, आम्ही हिरवा करतो.

स्लग कुरूप दिसतो म्हणून संपादकाने बदलायला काही हरकत नाही, पुढे हवे ते शब्द घाला, फक्त शेवटची रेघ आणि नंतरचा आकडा तसाच ठेवा. आणि जुने लेख, ज्यांच्या स्लगमध्ये आकडाच नाही, त्यांना गाळायला मध्ये फिल्टर लावा की स्लगचा शेवट आकड्याने होतोय का, नाहीतर मशीन 'फराळ' नावाचं कार्ड शोधत फिरेल.

जे मी मुद्दाम मशीनला दिलं नाही

फोटो. मिरोवरचा फोटो आधी उतरवून घ्या, मग वर्डप्रेसच्या मीडियात वेगळा चढवा, मग लेखाला जोडा, आणि कॉन्ट्रिब्युटरला फोटो चढवायची परवानगीच नसते, म्हणजे रोल वाढवावा लागणार. एवढ्यासाठी सुरक्षा सैल करण्यात अर्थ नाही, फोटो हाताने.

प्रकाशनाची वेळ. कार्डावरच्या तारखेतून लेख आपोआप शेड्यूल करायचा मोह मला पण झाला होता. पण वर्डप्रेसचं घड्याळ सेटिंग्जमध्ये बदललं नसेल तर ते यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि आमचा न्यू जर्सीचा दादा त्याच्या तारखेने विचार करतो. वसुबारसेच्या पहाटेचा लेख सकाळी साडेदहाला आला तर काय मजा. टाइमझोन कोलकाता करून ठेवा आणि शेड्यूल माणसानेच करा. त्यातही वर्डप्रेस शेड्यूल केलेला लेख तेव्हाच सोडतं जेव्हा कोणीतरी साइटवर येतं, पहाटे चारला कोणी आलंच नाही तर लेख थांबून राहतो.

शुद्धलेखन तर विचारूच नका.

ब्लॉगस्पॉटवाल्यांसाठी

अजून बरेच जुने मराठी ब्लॉग ब्लॉगरवर आहेत, त्यांना वर्डप्रेसचा तिसरा गोल चालणार नाही. पण ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये ईमेलने पोस्ट करायची सोय आहे, एक गुप्त पत्ता बनवता येतो आणि 'ड्राफ्ट म्हणून ठेव' असा पर्याय पण आहे. तिसऱ्या गोलाच्या जागी मेकचा ईमेल पाठवायचा तुकडा लावा, विषय म्हणजे शीर्षक, मजकूर म्हणजे टिपण. २०१ ची चाळणी इथे लागू नाही, आणि उलटा प्रवास पण नाही, पण मुख्य हमाली होते.

अडलं तर

४०१ आलं म्हणजे किल्ली लागली नाही. युजरनेम-पासवर्ड बरोबर असूनही वर्डप्रेस ४०१ देत असेल तर बरेचदा होस्टिंगचा सर्व्हर ते ऑथोरायझेशनचं हेडर मधल्यामध्ये गिळतो. आमच्या होस्टिंगवाल्याकडे हेच होत होतं आणि त्यांचा सपोर्ट तीन दिवस मला ब्राउझरचा कॅश साफ करायला सांगत होता. पर्मालिंक्सच्या पानावर जाऊन काहीही न बदलता नुसतं सेव्ह दाबलं आणि चाललं, कारण त्याने सर्व्हरची एचटीॲक्सेस फाइल नव्याने लिहिली जाते आणि नव्या वर्डप्रेसमध्ये त्या हेडरसाठीची ओळ तिच्यात येते. ४०३ म्हणजे किल्ली लागली पण परवानगी नाही, स्टेटसमध्ये चुकून पब्लिश लिहिलंय का बघा. ४०४ मिरोकडून आलं तर बोर्ड आयडी किंवा ती टीमवाली भानगड. ४०० म्हणजे निरोप फुटला किंवा कार्ड फ्रेमबाहेर चाललंय.

आणि ड्राफ्ट वर्डप्रेसमध्ये उघडल्यावर सगळा मजकूर 'क्लासिक' नावाच्या एकाच ठोकळ्यात दिसला तर काही बिघडलेलं नाही, वरच्या 'कन्व्हर्ट टू ब्लॉक्स' वर क्लिक केलं की परिच्छेद सुटे होतात. लेखकाचं नाव मात्र बदलायला विसरू नका, ड्राफ्ट त्या कॉन्ट्रिब्युटरच्या नावावर असतो. आमच्या पहिल्या तीन लेखांचे लेखक 'पोस्टमन' म्हणून छापून आले आणि एका वाचकाने कळवलं, पोस्टमन यांची शैली आवडली.

सुरुवातीचा आठवडाभर एकच खोटं कार्ड घेऊन खेळा, नाव 'चाचणी' ठेवा, नेऊन आणून बघा. सलग चुका आल्या की मेक सिनॅरिओ स्वतःहून बंद करतं आणि मेल पाठवतं, तो मेल प्रमोशनच्या टॅबमध्ये तर जात नाही ना तेवढं बघा. बोर्डाचा वर्षातून एकदा पीडीएफ पण काढून ठेवा, गुगलचं असंच एक बोर्ड होतं, जॅमबोर्ड, ते ३१ डिसेंबर २०२४ ला बंदच झालं. अंक निघाला, शेवटचा लेख छापला गेला, की दोन्ही सिनॅरिओ बंद, वर्डप्रेसमधला तो ॲप्लिकेशन पासवर्ड रद्द, मिरोचं ॲप अनइन्स्टॉल, आणि पुढच्या वर्षी गणपती उठले की पुन्हा नव्या किल्ल्या.